मी सांगितलेला दिवस

माझा मुलगा जन्मला तेव्हा रडला नाही. बाकीचं आम्हाला वर्षभरात हळूहळू कळलं. शेजारची लेकरं बसू लागली, रांगू लागली, आणि आमचं आढ्याकडे बघत पडून राहिलं. सासूबाईंनी औंढ्याला नागनाथाला अभिषेक केला, नवऱ्यानं नांदेडचे दवाखाने पालथे घातले आणि मी भांडले. माझं माहेर हट्ट्याचं. भांडी आणली नाहीत एवढी जीभ आंदणात आणली, असं सासरी अजून म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. अंगणवाडीत त्याला बसू द्या म्हणून मी भांडले, शाळेत नाव घाला म्हणून भांडले, सर्टिफिकेटच्या रांगेत तर पोलीस येईपर्यंत भांडले. म्हणून तालुक्याला अपंग मुलांच्या पालकांची कमिटी करायची ठरली, तेव्हा पंचायत समितीच्या साहेबांनी पहिलं नाव माझं घेतलं. "या बाई बोलतात," असं ते म्हणाले.

मला फार अभिमान वाटला, ते कशाला लपवू? लग्न झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. पोराला कोणत्या दवाखान्यात न्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे सासरे, दीर आणि नवरा ओसरीवर बसून ठरवायचे. कुणी पाहुण्यानं मला विचारलंच, तर "तिला काय इचारता" म्हणून दुसराच उत्तर द्यायचा. आणि इथं शिपायानं खुर्ची पुसून मला बसायला दिली.

व्यायाम घेणाऱ्या मॅडम हिंगोलीहून आठवड्यातून एक दिवस तालुक्याला येणार होत्या. अशा मुलांचे पाय रोज ताणून मोकळे केले नाहीत तर आखडत जातात, आणि ते कसं करायचं हे शिकायलासुद्धा तोवर नांदेड गाठावं लागायचं. पहिल्या सभेत ठरवायचं होतं ते एवढंच, की मॅडमनी कोणत्या दिवशी यायचं. साहेब म्हणाले, "पालकांनीच सांगा. तुमच्या सोयीनं ठेवू." सरकारी माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. कुणी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बाजारचा दिवस ठेवा. त्या दिवशी सगळेच येतेत."

आमच्याकडे सगळं बाजारच्याच दिवशी असतं. बँक, तहसीलचा कागद, दुखरा दात, सोयरिकीची बोलणी, सगळं एका खेपेत उरकायचं असतं. बाजार सोडून दुसऱ्या दिवशी तालुक्याला निघालेल्या माणसाला लोक "काय झालं?" म्हणून काळजीनं विचारतात. त्यामुळे माझ्या बोलण्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. दाराजवळ तांड्यावरची एक आई खाली बसली होती. तिच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी होती, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. ती पदर सावरून जराशी पुढं सरकली. मी म्हणाले, "बराबर हाय ना ताई?" आणि तिच्या उत्तराची वाट न बघता सह्यांचं रजिस्टर तिच्यापुढं केलं. तिनं अंगठा दिला.

आम्हाला तो दिवस फार सोयीचा झाला. नवरा मोटारसायकलवर आम्हा दोघांना सोडायचा, आडतीवर जाऊन यायचा आणि परतताना भाजीही व्हायची. मॅडम पोराचे पाय हातात घेऊन मला दाखवायच्या आणि मी घरी रोज सकाळ-संध्याकाळ तसं करायचे. आठ महिन्यांनी तो गज धरून उभा राहिला. मी व्यायामाच्या हॉलमध्ये एवढ्या मोठ्यानं टाळ्या पिटल्या की बाहेरचा चहावाला बघायला आला.

तोवर येणाऱ्या मुलांची संख्या वाढली होती आणि मॅडमना वेळ पुरत नव्हता. मग कमिटीत ठरलं, की लागोपाठ तीनदा न येणाऱ्याचं नाव कमी करायचं आणि वाट बघणाऱ्याला जागा द्यायची. साहेबांनी यादी वाचली. तांड्यावरच्या त्या मुलीपुढं लिहिलं होतं, "पालक अनियमित." मी म्हणाले, "आईलाच फिकीर न्हाई तर सरकार काय करणार?" आणि खाली 'पालक सदस्य' अशी जागा होती, तिथं सही केली. सही मोठी, वळणदार केली. हे आठवलं की मला आजही माझीच लाज वाटते.

त्यानंतर हळद काढायला आमच्या शेतात तांड्यावरच्या बाया आल्या. मी दुपारचं पाणी घेऊन गेले तर लिंबाखाली गोधडीवर तीच मुलगी पडलेली. मी सवयीनं तिचे गुडघे हातात घेऊन सरळ करायला गेले. ते सरळ झाले नाहीत. ती कळवळून "याडी" म्हणून ओरडली. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. आई सरीतून उठून धावत आली आणि मी, दुसरं काय करणार, तिच्यावरच खेकसले. "आणत काहून न्हाई गं लेकराला? पाय बघ कसे झाले!"

ती रागावली नाही. मुलीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "बाजारच्या दिसी काळी-पिवळी जीपमधी पाय ठेवाया जागा नसती, बाई. मानसं टपावर बसतेत. हिचे पाय मुडपत न्हाईत, ही मांडीवर मावत न्हाई. दोनदा आनलं. दुसऱ्या बारीला एका बाईचं गाठोडं हिच्या पायावर पडलं, रातभर रडली. तिसऱ्या बारीला डायवर म्हनला, हिला घेतलं तर दोन शिटा जातेत, उद्या ये, उद्या जीप रिकामीच ऱ्हाती."

"मंग सभेत बोलायचं ना!"

"बोलनारच व्हते की," ती म्हणाली. "तुमी म्हनलं, बराबर हाय ना. अन् वही दिली."

मी तिथंच ढेकळांवर बसले. एवढी वर्षं माझ्या वतीनं दुसरे बोलत होते म्हणून मी दात-ओठ खात होते. मला खुर्ची मिळाल्यावर मी पहिलं काम केलं ते हेच. शिवाय तिला अजून अर्धंच माहीत होतं. नाव कमी झाल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं. जीपला कधी गर्दी कमी झाली तर येऊ, असं ती धरून चालली होती. मी सांगून टाकलं. "तुझ्या लेकीचं नाव यादीतून काढलं. सही माझी हाय."

तिनं हळदीच्या एका गड्ड्याची माती झाडली. मग म्हणाली, "मंग आता तुमीच घाला."

पुढच्या सभेला मी तिला घेऊन गेले आणि खुर्चीवर बसवलं. साहेब सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला." मी म्हणाले, "आज ह्या बोलतील," आणि गप्प बसले. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. ती अडखळली की तिचं वाक्य माझ्या जिभेवर तयार असायचं. पण तिनं सगळं सांगितलं, जीप, गाठोडं, ड्रायव्हर. मग दुसऱ्या तांड्यावरचा एक बाप उठला आणि म्हणाला, आमचंबी असंच हाय. अजून दोघी उठल्या. ज्यांच्याकडे मोटारसायकली होत्या ते कुरकुरले, आठवड्याचा आणखी एक दिवस मोडतो म्हणाले. त्यात माझा नवराही होता आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी बाजाराच्या नंतरचा दिवस ठरला. मुलीचं नाव यादीत पुन्हा घातलं ते मी माझ्या हातानं लिहिलं.

त्या नव्या दिवशी आई मुलीला रिकाम्या जीपनं घेऊन आली आणि मॅडमनी तिला तपासलं. बराच वेळ लावला. मग आईला समजावून सांगितलं, की गुडघे आणि खुबे आखडून गेलेत, आता नुसत्या व्यायामानं सुटायचे नाहीत, ऑपरेशन लागेल. त्यानंतर टेकून बसेल, कदाचित नीट बसेल. चालण्याचं मात्र सांगता येत नाही. आईनं विचारलं, "आधी आनलं असतं तर?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "लवकर आली असती तर बरं झालं असतं." आई "व्हय" म्हणाली आणि मुलीचा परकर गुडघ्यांवर ओढून घेतला.

मी तिची माफी मागितली. एकदा नाही, तीनदा मागितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बास करा, बाई. तेवढ्या वेळात तिचा हात तरी धरा, ती डरून राहिली." मी हात धरला.

आता दर आठवड्याला आमची लेकरं एकाच चटईवर शेजारी असतात. मुलीचं ऑपरेशन झालंय आणि ती भिंतीला टेकून बसते. माझा मुलगा वॉकर धरून दारापर्यंत जातो, वळतो, परत येतो आणि दर खेपेला माझ्याकडे बघतो. टाळ्या पिटायला माझे हात मांडीवरून उठत नाहीत. मुलीची आई तिला एका हातानं सावरते, आणि त्याच्यासाठी दुसऱ्या हातानं चटईवर थापा मारून "शाब्बास माझ्या लेकरा" म्हणते.