कमरेची गाठ

लेक पुढच्या आठवड्यात शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून महासागर ओलांडायला निघणार आहे. सध्या ती डोळे मिटून दोरीच्या गाठी मारते. अंधारात, हलत्या बोटीवर हातांनाच सगळं कळायला हवं म्हणे. मांडव्याच्या लाँचमध्येही मळमळू नये म्हणून लिंबू हुंगत बसणारा मी घरभर येरझाऱ्या घालतोय. शेवटी म्हटलं, "माझ्या कमरेला बांध बघू."

तिनं बांधली. मी दारापर्यंत जाऊन जोर लावला.

"नाही सुटत, बाबा. माणूस पाण्यात पडला तरी धरून ठेवते."

"आणखी एकदा ओढून बघतो."

"अहो, पुरे. जेवायला बसा," बायको म्हणाली.

लेक चालायला शिकताना मी तिच्या फ्रॉकचा बंद धरून मागे फिरायचो. आज दोरीसकट पानावर बसलो. दुसरं टोक लेकीच्या डाव्या हातात होतं. जेवण होईपर्यंत तिनं ते सोडलं नाही.