लेकराकडं कोण बघत व्हतं?

नव्वद सालानंतरची बरीच वर्षं मी ओतूरच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर होते. ड्रेसिंगच्या खोलीत किस्से साचतातच. जखमा भरतात, किस्से काही जात नाहीत!

पडलेलं, भाजलेलं लेकरू आलं की आमचे डॉक्टर आधी उपचार करायचे, मग एकच प्रश्न टाकायचे, "लेकराकडं कोण बघत व्हतं?" सगळ्या घराची बोटं लगेच सुनेकडे वळायची. मला फार राग यायचा.

पिंपरी पेंढारचं एक पोर कॉटवरून पडलं, कपाळाला खोक. सासू म्हणाली, "हिच्यापाशी व्हतं." सून म्हणाली, "आत्याबाईंपाशी व्हतं." नवरा वैतागला. "डॉक्टर, दोघी टीव्हीतल्या सासूसुनेकडं बघत व्हत्या!" डॉक्टर हसले. मी टाक्यांसाठी पोराचं डोकं धरून उभी होते, मला हसू आलं नाही.

एका घरात सरबताच्या बाटलीत रॉकेल भरून ठेवलेलं. पोरगं ते प्यालं. बाप म्हणाला, "घरात समद्यांना म्हाईत हाय, त्यात रॉकेल असतं."

"याला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"आवो, त्याला अजून बोलता बी येत न्हाई!" एवढं बोलला आणि मटकन खालीच बसला. पोरगं वाचलं, देवाची कृपा.

एका आजोबांनी रडणाऱ्या नातवाला वैरण कापायच्या कडबाकुट्टीपाशी बसवलं. "मशीन बघितलं की लई गप बसायचं वो," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. नातवाचं बोट गेलं. त्यानंतर म्हातारा वैरण कोयत्यानंच तोडायचा.

आणि मढकडची मनी. वय सहा. धाकट्या भावानं चुलीवरचं गरम पातेलं ओढून घेतलं होतं. आई-बाप रानात, आजी पाण्याला गेलेली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मनी म्हणाली, "मी."

"पोरीला अक्कलच न्हाई!" आजी म्हणाली. बाप डोळे वटारून बघत राहिला.

भावाची पट्टी झाली. आई म्हणाली, "मने, घे त्याला." मनीनं त्याला कोपरांनी उचलायचा प्रयत्न केला. मुठी घट्ट मिटलेल्या. मी हळूच उघडल्या. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते. पातेलं तिनंच बाजूला केलं होतं.

डॉक्टर घरच्यांकडे वळले. "आणि हिच्याकडं कोण बघत व्हतं?"

मनीला वाटलं, पुन्हा तेच विचारतायत.

"मीच बघत व्हते," ती म्हणाली.