आक्काची उघडी बादली

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली. सकाळी, अंगणातच..." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "बादलीत खत भिजत घातलं होतं का रे तिनं?"

आक्का माझी थोरली बहीण. भूकंपात तिचं गाव गेलं, घर गेलं, शाळकरी लेक मनी गेली. ती आणि धाकटा प्रकाश तेवढे वाचले. लातूरला येताना बाकीचे लोक ढिगाऱ्यातून भांडीकुंडी काढत होते. ही मनीनं दारात लावलेला गावठी गुलाब मुळासकट उपटून टेम्पोत बसली. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

लातूरच्या अंगणात तो चांगला फोफावला. पुढे शिकवण्यांचं पेव फुटलं, गावोगावची मुलं खोल्या मागत दारी यायला लागली. प्रकाशनं अंगणात खोल्या काढल्या, उरलेल्या जागेत फरशी घातली आणि गुलाबाभोवती परातीएवढी माती ठेवली. वर्षभरात पानांवर काळे ठिपके पडले, नवी फूट थांबली, तेव्हा आक्कानं हे सुरू केलं. गांडूळखत लुगड्याच्या फडक्यात बांधून बादलीभर पाण्यात सोडायचं, गुळाचा खडा टाकायचा आणि दिवसभर येता-जाता काठीनं ढवळत राहायचं. दुसऱ्या दिवशी गाळून, पातळ करून, ऊन चढायच्या आत पानांवर फवारायचं, वरून आणि खालूनही. बादलीवर झाकण मात्र कधीच नाही. "त्यात जीव असतेत, त्यांना वारा लागतो," म्हणायची. खोल्यांतल्या मुली चिडवायच्या, "आजी, गुलाबाचा चहा झाला का?" "हाव, बिनदुधाचा हाय. घेता का?" असं म्हणून ही ढवळतच राहायची. ठिपके कमी झाले. काही वर्षं मोजकी फुलंही आली.

दिवाळीत गेले ती शेवटची भेट. पानं पुन्हा पिवळी पडली होती. मी म्हटलं, "आक्का, बास कर आता." फवारणीच्या पंपाची तोटी पदरानं पुसत ती म्हणाली, "खाली जागाच न्हाई गं त्याला. मुळं फरशीखाली अडून राहिली. पानातून जेवढं जाईल तेवढं... किती दिवस जाईल, ते मलाबी ठाऊक हाय."

ती गेली त्या दिवशी अंगणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दहाव्याला मी अंगणात गेले. बादलीवर घट्ट झाकण, वर दगड. एक मुलगी हळूच म्हणाली, "आजीचं पाणी होतं. कचरा पडू नये म्हणून आम्हीच झाकलं." टँकरची वाट बघणाऱ्या लातुरात पाणी उघडं कोण ठेवणार? मायेनंच केलं होतं पोरींनी. "बरं केलंत," मी म्हटलं. झाकण काढलं तर कुजका भपकारा आला. एरवी त्या पाण्याला ओल्या मातीचा वास यायचा. आतले जीव कधीच गुदमरून गेले होते. मी ते मोरीत ओतलं. नाहीतरी गुलाबावर फवारायला पान उरलं नव्हतं.

बादली नांदेडला घेऊन आले. ती गॅलरीत असते. कामवाली बाई रोज तिच्यावर ताटली ठेवते आणि मी रोज काढते. बादलीत काही नसतं.