आमच्याशी बोलताना

बातमी कशी लिहायची हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच पुढे मला न लिहिण्याची सवय लावली. दोष त्यांच्यावर ढकलत नाही. सवय मला आवडली होती.

ते आमच्या नाशिकच्या कचेरीतले जुने उपसंपादक. सगळे त्यांना सर म्हणायचे. मी नवी असताना त्यांनी माझी एक बातमी चुरगळून टोपलीत टाकली होती, कारण अपघातातल्या जखमी माणसाला मी भेटलेच नव्हते. "माणूस बघितला नाहीस तर लिहू नकोस," एवढंच म्हणाले. मी रडवेल्या तोंडाने रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेले होते.

काही वर्षांनी सरांनी नोकरी सोडली आणि जनसंपर्काची एजन्सी काढली. बिल्डर, हॉस्पिटलं, वायनरीवाले, द्राक्षांचे निर्यातदार, सगळ्यांच्या प्रेसनोट त्यांच्याकडून यायला लागल्या. इकडे आमच्या कचेरीतली माणसं कमी होत गेली, पानं मात्र तेवढीच राहिली. संध्याकाळी जिल्ह्याचं पान अर्धं रिकामं असायचं आणि नेमकी तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर सरांची प्रेसनोट यायची. फोटो, मथळा, चौकट, सगळं तयार. शुद्धलेखनाची चूक शोधून सापडायची नाही. शिवाय माझी वाक्यं कशी असतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, एवढंच माझं काम.

या रेघोट्या कोणत्या, तेही सांगते. 'पत्रकात म्हटले आहे' असं छापलं की बातमी उसनी वाटते. म्हणून ते काढायचं आणि 'आमच्याशी बोलताना सांगितले' असं घालायचं. वर गावाचं नाव, खाली माझं. ही आमच्या डेस्कची रीत होती. कुणी पाडली आठवत नाही, कुणाला खटकलीही नाही. आमदारापासून कारखानदारापर्यंत सगळे रोज आमच्याशी बोलायचे, आणि आम्ही खुर्चीवरून उठायचो नाही.

एका वर्षी द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया गळला. मी निघालेच होते, गाडीची चावी हातात होती. तेवढ्यात सरांचा फोन आला. "उगाच उन्हात जाऊ नकोस. किरकोळ आहे. सगळं पाठवतो." मी चावी खणात टाकली. प्रेसनोटमध्ये तिथे घड साफ करणाऱ्या एका बाईचं म्हणणं होतं, नावगावासकट: 'मालकांनी घरच्यासारखी काळजी घेतली. मी आता ठणठणीत आहे.' मी त्यापुढे नेहमीची रेघ ओढली. असे तिने आमच्याशी बोलताना सांगितले. मग चहा प्यायले आणि घरी गेले.

पंधरा दिवसांनी भर दुपारी ती बाई कचेरीत आली. डोळ्यांवर काळा चष्मा, पदर नाकाशी धरलेला, आवाज घोगरा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कात्रण. माझं नाव विचारतच आली होती. समोर बसली आणि तिने ते कात्रण काढून चाचपडत माझ्यापुढे सरकवलं.

"ताई, तुमी मला कवा भेटल्या?"

"भेटले नाही," मी म्हणाले.

"तेच म्हनते मी. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत कोनाशी बोलली का काय. घरच्यांला इचारलं, तं म्हनले कोनीच आलं नाय."

माझ्या खोटेपणावर नाही, तिने स्वतःच्या शुद्धीवर संशय घेतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मालकानी माझ्या डोळ्याचं औषधपानी बंद केलं," ती सांगत होती. "म्हने, तूच पेपरवालीला सांगितलं ना ठणठणीत हाय म्हनून. लेबर ऑफिसात बी हाच कागद दावला. मला दुसरं काय नको. पेपरात एवढंच छापा, मी तुमच्याशी बोलली नाय म्हनून."

मी तिला पाणी दिलं आणि "बघते" म्हणाले. ती गेल्यावर संपादकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खुलासा छापला तर पेपरची अब्रू जाईल आणि तुझी नोकरी. त्यापेक्षा नवी बातमी कर." ते ऐकून मला हायसं वाटलं. आजही सगळ्यात जास्त लाज त्या हायसं वाटण्याची वाटते.

या वेळी मी पिंपळगावला गेले. तिच्या घरी बसले, डॉक्टरांचे कागद पाहिले, डाव्या डोळ्याने तिला दिसत नाही असं लिहिलं. नियमाप्रमाणे कंपनीची बाजू मागितली. सरांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: 'संबंधित महिलेने आपल्याच वृत्तपत्राशी बोलताना प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगितले होते.'

मी फोन लावला. "सर, ती बोलली नव्हती. तुम्हाला माहीत आहे."

ते अगदी शांतपणे, पूर्वी बातमी तपासताना बोलायचे तसे म्हणाले, "मी पत्रक पाठवलं होतं. 'आमच्याशी बोलताना' तू लिहिलंस. मला वाटलं, भेटली असशील."

त्यांना तसं वाटलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी फोन ठेवला आणि कंपनीची बाजू जशीच्या तशी पानात लावली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, वाचून घेतलं. पन त्यात ते आलंच नाय."

"कुठलं?" मी विचारलं. कुठलं ते मला चांगलं माहीत होतं.

"मी बोलली नाय, ते."

"पुढच्या वेळी बघते."

"बरं," ती म्हणाली. नंतर तिचा फोन आला नाही. लेबर ऑफिसातली तिची फाइल बंद झाली आणि डावा डोळा कायमचा गेला, हे मला डॉक्टरांकडून कळलं. माझी नोकरी राहिली.

तिने मागितलं होतं ते आज लिहिते आहे. आता कुठल्याच ऑफिसात दाखवून त्याचा तिला उपयोग नाही. ती माझ्याशी बोलली नव्हती. मी गेलेच नव्हते.