झाकलेल्या टोपल्यांचं गाव

सांगलीहून रत्नागिरीची एसटी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर आईनं भरून दिलेली पिशवी होती. शाळूचं पीठ, शेंगदाणे, गुळाची ढेप आणि वर लसणाच्या चटणीचा डबा. आईनं एकाच कामासाठी मला शाळेच्या नोकरीतून रजा काढायला लावली होती. माझी धाकटी बहीण सुमन पावसजवळच्या निवळखोल नावाच्या गावात दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. तिचे यजमान गिरणीकामगार, अजून मुंबईतच होते, आणि गिरण्यांचा संप सुरू होऊन दुसरा पावसाळा चालला होता. ‘तिथं पोरीच्या ताटात काय पडतंय देव जाणे, तिला घेऊनच ये,’ असं आई स्टँडपर्यंत सांगत आली होती.

आंबा घाटात दरड कोसळलेली. बस थांबली, आणि खालून येणारी बसही पलीकडे थांबली. दोन्हीकडचे उतारू धुक्यात माती तुडवत एकमेकांना ओलांडून गेले आणि समोरच्या गाडीत बसले. मधे पिशवीसकट माझा पाय घसरला. घाट चढून आलेल्या एका अनोळखी बाईनं मला दंडाला धरून उभं केलं, माझ्या लुगड्याचा चिखल आपल्या ओच्यानं पुसला आणि ती तिच्या वाटेनं गेली. घाटाखालची हवा वेगळीच, ओली आणि कोमट. रत्नागिरीला पोचेपर्यंत माझं अंग चिकट झालं होतं आणि कानावर पडणारी मराठी सूर बदलून आली होती. ‘त्यानं सांगितलंन’, ‘तिनं दिलंन’ असा शेवटी एक ‘न’ लावून ही माणसं बोलतात, आणि वाक्य संपताना आवाज थोडा वर उचलतात.

पावसच्या गाडीतून उतरून सड्यावरून (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार) चालत जावं लागलं. एरवी तापलेल्या तव्यासारखा दिसणारा तो दगड श्रावणात हिरव्या मखमलीनं झाकला होता, त्यात बोटाच्या पेराएवढी जांभळी फुलं. उताराला हापूसच्या बागा, त्याखाली भातशेती आणि शेवटी खाडीचं मातकट पाणी. मी देशावरची बाई. इतकं हिरवं बघून मला वाटलं, इथं उपाशी कोण राहणार? ते हिरवं भात अजून महिना-दीड महिना तोंडात पडणार नव्हतं आणि जुनं भात कधीच संपलं होतं, हे मला सुमनच्या घरी गेल्यावर कळलं.

सुमन दारात उभी होती. वाळली होती, पण चेहरा हसरा होता. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, आत जाऊन सासूबाईंशी काहीतरी बोलली. सासूबाईंना सारी वाडी राधाकाकी म्हणते. ठेंगणी, काटक बाई. रात्री जेवायला पेज (पातळ शिजवलेला भात) आणि कुळथाचं पिठलं होतं. आईच्या पिशवीतली चटणी तेवढी पानात आली. पीठ, शेंगदाणे, गूळ कुठंच दिसेना. मी विचारलं तर सुमन म्हणाली, ‘सकाळी दाखवते.’

सकाळी पाऊस उघडला आणि मी एक नवल पाहिलं. प्रत्येक घरातून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन निघाली होती. प्रत्येक टोपली केळीच्या पानानं झाकलेली. सगळ्या एकाच दिशेनं, गावाबाहेरच्या आंब्याच्या शेडकडे चालल्या होत्या. मोसमात तिथं हापूसच्या खोक्यांत पेंढा घालून आंबा भरतात. पावसाळ्यात ती रिकामी पडते म्हणून बागायतदारानं गावाला वापरायला दिली होती. शेडला दोन दारं. एका दारानं बाई आत जायची, एकटीच. थोड्या वेळानं दुसऱ्या दारानं बाहेर यायची, टोपली तशीच झाकलेली. मग पुढची आत.

सुमनही आईच्या पिशवीतलं उरलेलं सारं टोपलीत घालून, वर पान झाकून आत गेली आणि मलाही तिनं नेलं. आत तीन कणग्या होत्या (कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, शेणानं सारवलेली धान्याची कोठी). एकीत भात, एकीत नाचणी, एकीत कुळीथ. शेजारी सुक्या फणसाच्या आठळ्या, चिंच, मीठ. ज्याच्याकडे आहे त्यानं टाकावं, ज्याला हवं त्यानं घ्यावं. आत कुणी बघायला नाही, बाहेर कुणी विचारायला नाही. टाकणारी आणि घेणारी, दोघीही झाकलेली टोपली घेऊन जाणार आणि झाकलेली घेऊन येणार.

मी शिक्षिका. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो चोरीचा. एखादीनं सगळंच भरून नेलं तर? सुमनला तो प्रश्नच नीट कळला नाही. ती म्हणाली, ‘ताई, जी जास्त नेते तिच्या घरी जास्त भूक असते.’

हे कसं सुरू झालं ते राधाकाकींनी मला दुपारी पडवीत आठळ्या सोलताना सांगितलं. संपाचा पहिला पावसाळा. मुंबईहून येणारे पैसे बंद झाले होते, पण कुणी कुणाला बोलून दाखवत नव्हतं. सगळ्यांच्या चुली पेटत होत्या, धूर निघत होता. भाताची लावणी चालली होती. दुपारी बायका बांधावर जेवायला बसल्या आणि काकींच्या ध्यानात आलं की त्या वर्षी सगळ्या एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. त्याही तशाच बसल्या होत्या, कारण त्यांच्या फडक्यात उकडलेल्या आठळ्यांशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या शेतातली एक लेकुरवाळी बाई चिखलात कोसळली. तिला उचलून बांधावर आणली, तिच्या तोंडात काही घालावं म्हणून तिचं फडकं सोडलं, तर त्यात भाकरीच्या आकाराचा, गुंडाळलेला केळीचा सोप (खोडाची साल) होता. नुसताच. जेवण आणलंय असं दिसावं म्हणून.

‘मंग मी माझं फडकं सगळ्यांसमोर सोडलं,’ काकी म्हणाल्या. ‘लाज वाटली. पण सोडलं. मंग एकेकीनं सोडलंन. सगळ्यांकडे तेच.’

त्या दिवशी त्यांनी जे होतं ते एका पानावर एकत्र केलं आणि त्या बाईला आधी भरवून उरलेलं वाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी गावात ज्यांच्या घरी थोडं भात शिल्लक होतं, त्यांनी धुवायच्या तांदळातली मूठ बाजूला काढली. देवळाच्या सभामंडपात एक कणगी ठेवली गेली.

पण देवळात ठेवल्यानं एक घोटाळा झाला. खालच्या बौद्धवाडीतल्या बायका यायच्या आणि पायरीखाली थांबायच्या. त्यांना धान्य वरून आणून टोपलीत ओतलं जायचं. ती शेतात कोसळलेली बाई त्याच वाडीतली; शेवंता तिचं नाव. ती दोनदा आली, तिसऱ्यांदा आली नाही. काकी तिच्या घरी विचारायला गेल्या. शेवंतानं त्यांना बसायला पाट दिला आणि शांतपणे सांगितलं की उपाशी राहायची सवय होईल, पण पायरीखाली उभं राहून ओंजळ पुढे करायची सवय तिच्या आईबापांनी मोडली आहे, ती परत लावून घ्यायची नाही.

काकी म्हणाल्या, मला रात्रभर ते लागून राहिलं. गावात बोलाचाली झाल्या, काही घरांनी मूठ देणं बंद केलं. पण कणगी देवळातून हलली आणि कुठल्याच वाडीची नसलेल्या त्या आंब्याच्या शेडमध्ये आली. दोन दारांनी जायची आणि टोपली झाकायची कल्पना शेवंताची. मग संपामुळे परत आलेल्या पुरुषांनी डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पेरली, आजूबाजूच्या वाड्या येऊन मिळाल्या, एकाच्या तीन कणग्या झाल्या. ज्यांनी मूठ बंद केली होती, तीही घरं हळूहळू टोपली घेऊन येऊ लागली. कोण टाकायला आलं आणि कोण घ्यायला, ते कुणालाच ठाऊक नाही.

मी सुमनला निघायचं म्हटलं, तर ती म्हणाली नारळी पौर्णिमा होऊ दे. शेड झाडायचं, सारवायचं, उंदरांपासून राखायचं काम तोवर तिच्याकडे होतं. मला थांबावं लागलं.

त्याच दिवसांत खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून एक म्हातारा तांडेल (होडीचा प्रमुख) आला. शेडसमोर इरलं (पावसासाठी पाठीवर घ्यायचं पानांचं छप्पर) पांघरून तो नुसता उभा राहिला. हंगामाच्या शेवटच्या वादळात त्यांच्या होड्या फुटल्या होत्या, त्यांचीही पोरं गिरण्यांतच होती आणि समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत मासेमारीला बंद होता. आमच्या वाड्यात चार दिवस मुलं चिंचोके उकडून खातायत, एवढंच तो बोलला. मागितलं काहीच नाही.

बायका शेडमध्ये जमल्या. भाताच्या कणगीत मी वाकून पाहिलं तर धान्य गुडघाभर उरलं होतं. नवं भात अजून लांब. मला वाटलं होतं राधाकाकी लगेच हो म्हणतील. त्या नाही म्हणाल्या. स्वतःच्या वाडीतली पोरं, दोन बाळंतिणी, माझी सुमन अशी एकेकाची आठवण त्यांनी करून दिली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेर तो म्हातारा पावसात उभा होता.

शेवंता भिंतीला टेकून बसली होती. पोरसवदा दिसणारी, सावळी बाई. ती म्हणाली, ‘काकी, मी पायरीखाली उभी होते तेव्हा तुमी खाली आलात. आता तो म्हातारा उभा हाय.’

राधाकाकी उठल्या, पायलीचं माप उचललं आणि पहिली टोपली स्वतः भरली. कणगीतलं धान्य निम्म्यावर येईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

शेडपासून खाडीपर्यंत उतार निसरडा होता. डोक्यावर ओझं घेऊन उतरता येईना म्हणून बायका ओळीनं उभ्या राहिल्या आणि टोपल्या हातोहात खाली जाऊ लागल्या. मीही त्या ओळीत उभी होते. माझ्या एका हाताला सुमन, दुसऱ्या हाताला शेवंता. प्रत्येक टोपलीवर पान झाकलेलं. भिजू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. पण होडीत शेवटची टोपली ठेवताना त्या म्हाताऱ्यानं पानाला हात लावून नमस्कार केला, तेव्हा माझेही हात जोडले गेले. मी आयुष्यात मोठी देवळं पाहिली आहेत, गड पाहिले आहेत. इतकं मान खाली घालायला लावणारं काही पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस कठीण गेले. पेज इतकी पातळ झाली की वाटीचा तळ दिसायचा. मी सुमनवर चिडले, तुझ्या पोटातल्या जिवाचा तरी विचार कर म्हणाले. त्याच संध्याकाळी आमच्या पडवीत कुणीतरी एक झाकलेलं भांडं ठेवून गेलं. त्यात म्हशीचं दूध होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोण ठेवतं ते सुमननं पाहायचाही प्रयत्न केला नाही.

नारळी पौर्णिमेला पलीकडच्या काठावर ढोल वाजले, समुद्राला नारळ वाहिला गेला. दोन-तीन दिवसांनी सकाळी गलका ऐकू आला म्हणून आम्ही खाडीवर धावलो. तांडेलाची दुरुस्त केलेली होडी येत होती, आणि तिच्यात कोळणी बसल्या होत्या. त्या उतरल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि कुणी न सांगता ओळीनं शेडकडे चालू लागल्या. सगळ्या टोपल्या पानांनी झाकलेल्या. पण बांगडा मासळीचा वास काही झाकला जात नव्हता. एकेक कोळीण एका दारानं आत गेली, दुसऱ्या दारानं बाहेर आली.

शेड माशांनी भरली आणि अडचण उभी राहिली. श्रावण चालू होता. शेतकरी घरांतून या महिन्यात मासळी शिजत नाही. साऱ्याजणी राधाकाकींकडे बघू लागल्या. काकींनी एक बांगडा उचलून नीट पाहिला. ‘देवाला मी सांगते काय ते,’ त्या म्हणाल्या आणि सुमनच्या टोपलीत सगळ्यांत मोठे मासे टाकले. त्या दुपारी निवळखोलच्या एकूण एक घरातून तळणीचा वास येत होता. उरलेले मीठ लावून दोरीवर वाळत घातले. तिथून पुढे खाडीपलीकडचा वाडाही या शेडचा झाला.

आम्ही निघालो तेव्हा शेवंता सड्यापर्यंत पोचवायला आली. तिचं पोर तिच्या कडेवर होतं, गुटगुटीत. मी तिला म्हटलं, सांगलीहून काही पाठवायचं असेल तर काय पाठवू? तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुमनला आणि बाळाला पाठवा.

घाटातली दरड दूर झाली होती. बस वर चढू लागली तशी हवा कोरडी होत गेली. सुमन खिडकीला डोकं टेकून बसली होती. झोपली असावी असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं विचारलं, ‘ताई, आपल्या गल्लीत कोण उपाशी असतं गं?’

आमची गल्ली मी जन्मापासून ओळखते. कुणाच्या घरी कधी लग्न झालं, कुणाचा मुलगा कितवीत आहे, कुणाच्या सुनेचं पटत नाही, सगळं मला तोंडपाठ. मनातल्या मनात मी एकेका दारासमोरून चालत गेले. कुंभारांचं घर, शिंप्याचं, विहिरीजवळची ती एकटी राहणारी म्हातारी, हातमाग बंद पडलेलं घर. एकाही दारामागच्या चुलीवर काय आहे ते मला सांगता येईना.

‘माहीत नाही,’ मी म्हणाले.

सुमननं मान हलवली. घरी पोचल्यावर आईनं तिची दृष्ट काढली, तिला गरम पाण्यानं न्हायला घातलं आणि ताटात इतकं वाढलं की ते ताटाबाहेर आलं. सुमन जेवली. मग उठली, स्वयंपाकघरातली वेताची टोपली घेतली, तिच्यात चार भाकऱ्या आणि पिठाची पुरचुंडी ठेवली. परसातल्या केळीचं एक पान तोडून वर झाकलं आणि विहिरीच्या दिशेनं चालू लागली. आई तिला हाका मारत राहिली. मी चपला घातल्या आणि तिच्यामागून निघाले.