आत काय आहे?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत वायफायचे राउटर बनतात. त्यांचं सॉफ्टवेअर तयार करून पाठवायचं काम माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं. पाठवायच्या आधी तो दर वेळी घामेजलेले तळहात शर्टाला पुसतो, मगच बटण दाबतो.

सॉफ्टवेअर बरंचसं फुकटचं, सगळ्यांना खुलं. अट अशी, की गिऱ्हाईकाने मागितला तर सोर्स कोड, म्हणजे वाचता येईल असा मूळ प्रोग्रॅम, द्यायचा. पण त्यातच चिपवाल्यांकडून आलेली एक फाईल असते, आधीच कंपाइल केलेली. ती उघडून वाचता येत नाही. नुसती टाकायची, की राउटर चालतो.

"चालतोय ना? मग पाठव," साहेब म्हणतात. तो "हो सर" म्हणतो आणि माझ्याकडे वळून हळूच विचारतो, "अरे, पण आत काय आहे?"

मध्यंतरी एका गिऱ्हाईकाने मेल करून सगळा सोर्स मागितला. साहेब म्हणाले, उत्तर देऊ नको. त्या दुपारी त्याने डबा उघडलाच नाही. "कोर्टात खेचलं तर काय दाखवू? त्या फाईलचा सोर्स माझ्याकडेच नाहीये रे."

मी हसण्यावारी नेलं.

रविवारी तो डोंबिवलीला आमच्याकडे आलेला. चहा घेताना त्याला टीव्हीशेजारी आमच्याच कंपनीचा राउटर दिसला. कप ठेवून तो उठला, तळहात शर्टाला पुसले आणि प्लग काढून टाकला.

"अहो, नेट गेलं वाटतं!" आतून बायको ओरडली.

तो गेल्यावर मी प्लग लावायला गेलो, तर माझेच तळहात ओले झालेले.