घशात नळी घालायची न्हाई

माझे सासरे यशवंतराव, मी त्यांना मामा म्हणते, बांधावरून हाक मारायचे तर पार इंद्रायणीच्या काठावरचा माणूस 'ओ' द्यायचा. मोशीतली निम्मी भांडणं त्यांनी नुसत्या आवाजावर मिटवली. आता ते हॉलमधल्या पलंगावर उशांना टेकून बसतात. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि दोन शब्दांमध्ये एक श्वास. नळी पोचेल तेवढंच त्यांचं राज्य: पलंग, खिडकी, संडासचं दार. फाउंड्रीतली धूळ आणि वर बिड्या, फुप्फुसं कामातून गेलीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता बरं व्हायचं नाही, त्रास तेवढा कमी करू. ते ऐकून माझे मिस्टर कुलदीप डॉक्टरच बदलायला निघाले.

मागच्या दिवाळीत मामा आयसीयूत होते. घशात नळी, ती उपटू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले. घरी आल्यावर एका दुपारी मला म्हणाले, "पूनम... पुन्यांदा तिकडं न्हाई. हितंच... मरू द्या."

"मामा, मला काय सांगता? मुलाला सांगा."

"त्यो रडतो. तू... रडत न्हाईस."

आता बोला! मी रडत नाही म्हणून हे माझ्या गळ्यात. अहो, सासऱ्यांना दवाखान्यात नेऊ नका, हे सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं? सासूबाईंकडे नुसता विषय काढला, तर म्हणाल्या, "असलं अभद्र बोलू नगं." कुलदीपना सांगितलं, तर म्हणाले, "कंटाळलीस का त्यांना?" चाकणची नोकरी सोडून मी या माणसाचं सगळं करते आणि वर हे ऐकायचं! कढई आपटली मी ओट्यावर. खरं सांगू, कंटाळले होतेच थोडी, म्हणून जास्त झोंबलं.

शेवटी मामांनाच म्हटलं, "तुम्हीच सांगा, सगळ्यांसमोर. माझं कुणी ऐकणार नाही."

रविवारी भावकी त्यांना बघायला आली. मामांनी हात वर केला. "मला... एक..."

झालं! कुलदीप लगेच म्हणाले, "आबा, बोलू नका, धाप लागंल." त्यांचे थोरले चुलतभाऊ हिंदुराव म्हणाले, "काय हुत न्हाई तुला यशवंता, यंदा जत्रंला येतूस बघ." कुणी पाठ चोळायला लागलं, कुणी मशीनचा ऑक्सिजन वाढवला. जन्मात ज्यांचं बोलणं कुणी तोडलं नाही, त्यांना सगळे मिळून प्रेमानं गप्प करत होते. मामा पुन्हा तोंड उघडायचे, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं.

"अहो, ऐका ना एकदा त्यांचं!"

पाठ चोळणारा हात थांबला. मामांनी श्वास गोळा केला. "मला... दवाखान्यात न्यायचं न्हाई. घशात नळी... घालायची न्हाई." घामानं निथळले, पण बोलले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. कुलदीप पुढं होऊन त्यांचे पाय दाबायला लागले. "बरं आबा. न्हाई नेत." मला एकदम हलकं हलकं वाटलं.

पाव्हणे गेल्यावर कुलदीप स्वयंपाकघरात आले. डोळे लाल. "आबांना जास्त झालं की लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची. मी साइटवर असलो तरी."

"अहो, आत्ताच कबूल झालात ना!"

"मग काय म्हणायला पाहिजे होतं? जमिनी विकून बंगला बांधला आणि बापाला घरात मरू दिलं, असं म्हणतील लोक." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "आणि मला नाही बघवणार गं. मी काही ऐकलं नाही. तूही ऐकलं नाहीस, समजलं?"

हॉलमधून मामांनी हाक मारली. मी गेले. मागोमाग कुलदीपही दारात येऊन उभे राहिले.

"पूनम... त्यो... मनापासनं म्हनला ना?"

मी दाराकडे बघितलं. कुलदीपनी मान खाली घातली.

"हो मामा," मी म्हणाले. "अगदी मनापासून."

मामांनी उशीवर मान टेकली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. कुलदीपनी माझा मोबाईल घेतला आणि त्यात ॲम्ब्युलन्सचा नंबर टाकून दिला.